मेंदूचा कारभारी आणि आपल्या वर्गातली एक मुलगी





पालक-शिक्षक संघाच्या मागच्या सभेत एका पालकांनी प्रश्न विचारला होता. तिसरीच्या वर्गात डाऊन सिंड्रोम असलेली जी मुलगी आहे, तिच्यामुळे इतर मुलांचा वेळ जात नाही का? आणि तिला तरी इथे बसून काही समजते का? विचारण्याची पद्धत थोडी रोखठोक होती, पण प्रश्न मनापासूनचा होता आणि तो आणखीही काहींच्या मनात असणार. सभेत वेळ कमी होता, म्हणून शाळेच्या पत्रकात सविस्तर लिहीन असे मी सांगितले. ते आज लिहीत आहे. मुलीच्या आईवडिलांना हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या संमतीनेच तो छापला आहे. मुलीचे नाव मात्र मुद्दामच लिहिलेले नाही.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

जून महिन्यातली गोष्ट. स्वयंसाहाय्य गटाच्या बायका माध्यान्ह आहाराची पावभाजी घेऊन आल्या होत्या. वर्गाच्या दारात ही मुलगी पाठीला दप्तर लावून उभी होती. मी तिला म्हटले, ‘दप्तर जाग्यावर ठेव, हात धुऊन ये, ताटली घे आणि ओळीत बस.’ ती थेट ओळीत जाऊन बसली. पाठीला दप्तर तसेच, हात न धुतलेले, समोर ताटली नाही. मी तिला उठवले आणि तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगितले. ती नळापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा तिने जमिनीवर बसकण मारली, मान खाली घातली आणि कोणी काही केले तरी उठेना. त्या दिवशी मी शिक्षक खोलीत येऊन म्हटले, ‘मुलगी भारी हट्टी आहे.’

संध्याकाळी तिची आजी न्यायला आली. सगळे ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, तिका एकेक सांगात, ती सगळें करता.’ दुसऱ्या दिवशी मी तसे करून पाहिले. ‘दप्तर ठेव.’ ठेवले. माझ्याकडे बघून थांबली. ‘आता हात धुऊन ये.’ आली. चारही कामे झाली, एकदाही आवाज चढवावा लागला नाही. एकतीस वर्षे शिकवण्यात घालवल्यावर जे मला दिसले नाही, ते त्या आजीला ठाऊक होते. पण तसे का होते, हे आजीलाही सांगता आले नसते. ते जाणून घेण्यासाठी मी वाचू लागले, माहितगारांना विचारू लागले. त्यातून जे कळले ते पुढे मांडत आहे.

आधी थोडी ओळख. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात, आईकडून २३ आणि वडिलांकडून २३. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून एकूण ४७ होतात. या मुलांच्या ठेवणीचे पहिले व्यवस्थित वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये केले. नाव त्यांचेच आहे. ‘डाऊन’ म्हणजे ‘खालचा’ असा काही त्याचा अर्थ नाही. जास्तीच्या गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. जगात साधारण हजार जन्मांमागे एक, काही देशांत सातशे-आठशे जन्मांमागे एक, असे हे प्रमाण सांगतात. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे, पण एकूण बाळंतपणे तरुण आयांचीच जास्त होत असल्यामुळे अशी कित्येक बाळे तरुण आयांच्या पोटीही जन्मतात. हा कोणाचा दोष नाही, गरोदरपणात काही खाल्ल्या-न खाल्ल्याचा परिणाम नाही, ग्रहणाचा तर नाहीच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अजूनही घराघरांतून आईलाच बोल लावला जातो.

या एका जास्तीच्या गुणसूत्रावर दोनशेच्या वर जनुके आहेत. त्यांचा परिणाम हृदयावर, कानांवर, थायरॉईड ग्रंथीवर, स्नायूंच्या ताणावर आणि मेंदूच्या घडणीवर होतो. सगळ्या मुलांत तो सारखा नसतो. आपल्या शाळेतल्या या मुलीबद्दल जे म्हणते ते दुसऱ्या मुलाला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मानसशास्त्रात ‘कार्यकारी क्षमता’ असा एक शब्द आहे. शब्द जड आहे, म्हणून मी त्याला मेंदूचा कारभारी म्हणते. संस्थानात राजा, सैन्य, खजिना, कोठार सगळे असले तरी कारभारी नसेल तर कोठारातले धान्य कोठारातच राहते. माहिती, शब्द, हातांची ताकद, इच्छा हे सगळे असूनही ‘आता काय, मग काय, आणि कशाला थांबायचे’ हे ठरवणारी एक यंत्रणा लागते. ती म्हणजे हा कारभारी.

चवथीच्या माटोळीचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात तेव्हा घरातला कर्ता माणूस काय काय करतो? सुपारीचे घोस, नारळ, कांगण्या, रानातली फळे यांची यादी डोक्यात ठेवतो. कोणती वस्तू आधी आणली तर सुकेल, कोणती शेवटी आणायची, हे ठरवतो. बाजारात ओळखीचा भेटला तरी गप्पांत फार वेळ घालवत नाही. एखादे फळ मिळाले नाही तर रुसून न बसता त्याजागी दुसरे आणतो. यात तीन गोष्टी आल्या. डोक्यात धरून ठेवणे, स्वतःला आवरणे आणि वळण बदलणे. अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारभाऱ्याची साधारण हीच तीन कामे वेगवेगळी, तरी एकमेकांत गुंतलेली दिसली. आखणी करणे, काम सुरू करणे आणि शेवटापर्यंत नेणे ही त्यांवर उभी राहिलेली मोठी कामे.

स्वतःला आवरणे म्हणजे काय, हे मला माझ्यावरूनच चांगले कळते. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, पण आकडे सगळे हिंदीत पाठ झालेले. आजही फळ्यावर ४९ लिहिले की मनात आधी ‘उनचास’ उमटते. ते दाबून तोंडाने ‘एकोणपन्नास’ म्हणावे लागते. सकाळी ते सहज जमते. दुपारी चार वाजता, दमलेली असताना, वर्गात चुकून ‘पैंसठ’ निघून जाते आणि मुले खुदकन हसतात. मला ६५ कळत नाही असे नाही. जे सवयीने आधी वर येते ते थांबवायला कारभाऱ्याला मेहनत पडते, आणि दमल्यावर त्याचा हात सुटतो. लहान मुलांचा कारभारी तर अजून घडतच असतो. कपाळामागचा मेंदूचा जो पुढचा भाग या कामात प्रमुख आहे, त्याची घडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत या तीन कामांपैकी सर्वांत जास्त ओढाताण दिसते ती पहिल्या कामात, म्हणजे डोक्यात धरून ठेवण्यात. त्यातही कानांनी ऐकलेले धरून ठेवण्यात. मुलांनो, एक खेळ घरी करून पाहा. कोणीतरी सावकाश आकडे सांगायचे, ७, २, ९, ४, आणि तुम्ही ते त्याच क्रमाने म्हणायचे. मग एक आकडा वाढवायचा. तुमच्यापैकी बहुतेकांना पाच-सहा आकडे जमतील, मोठ्या माणसांना सातच्या आसपास. आता तेच उलट क्रमाने म्हणून पाहा. लगेच दोन-तीन आकडे गळतील. डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या मुलांनाही ऐकलेले आकडे बरेचदा तीन-चारपलीकडे धरून ठेवता येत नाहीत. शब्दांचा अर्थ त्यांना कळत असतो. पण चौथी सूचना येईपर्यंत पहिली निसटलेली असते. माझे ते पावभाजीचे वाक्य आठवा. त्यात चार कामे होती. तिच्या हाती शेवटचे राहिले, आणि तिने ते केले. तिने माझे ऐकले नव्हते असे नाही, तिने तिच्या हाती लागलेले तेवढे सगळे ऐकले होते.

याच मुलांपुढे चार-पाच ठोकळे ठेवून त्यांतले दोन-तीन क्रमाने बोटाने दाखवले आणि ‘आता तू दाखव’ म्हटले, तर त्यांचे काम तुलनेने बरे होते. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले कानांनी ऐकलेल्यापेक्षा जास्त टिकते. हा फरक अनेक संशोधकांना पुनःपुन्हा आढळला आहे, आणि नुसत्या कमी ऐकू येण्यामुळे तो पडतो असेही नाही. आम्ही शिक्षक मात्र दिवसभर तोंडानेच शिकवतो. जी वाट तिच्यासाठी अरुंद, त्याच वाटेने आम्ही सगळा माल पाठवत होतो.

वाचनाच्या बाबतीत याचा एक सुखद परिणाम आहे. बोलायला उशीर, मग वाचायला तर फारच उशीर, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी १९८० च्या दशकापासून या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला. एका वडिलांनी आपल्या मुलीला अगदी लहानपणी शब्दांच्या पट्ट्या दाखवून वाचायला शिकवले आणि ते बकलीबाईंना कळवले, तेथून ते काम सुरू झाले. लिहिलेला शब्द डोळ्यांसमोर थांबून राहतो, उच्चारलेला विरून जातो; म्हणून काही मुलांत वाचन हेच बोलण्याला आधार देते. आपल्या मुलीला आज चाळीसेक शब्द पाहून ओळखता येतात. त्यांतले काही ती बोलताना अजून स्पष्ट म्हणत नाही.

वळण बदलणे हेही जड जाते. रोज दुसरा तास गणिताचा असतो आणि एके दिवशी अचानक तो चित्रकलेचा झाला, तर बाकी मुले आनंदाने ओरडतात, ही मात्र गणिताची वही उघडून बसते आणि मिटायला तयार नसते. याउलट, भावना सांभाळण्यात ही मुले त्यांच्याच इतर कार्यकारी क्षमतांच्या मानाने बरी असतात, असे पालक व शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून केलेल्या काही अभ्यासांत दिसले आहे. माणसांची ओढही मोठी. तिचाच उपयोग करून ती अवघड कामातून अंग काढून घेतात, हे स्कॉटलंडमधील संशोधिका जेनिफर विशार्ट यांनी बारकाईने टिपले आहे. बेरीज आली की आपली ही मुलगी माझ्या बांगड्यांचे कौतुक करते, किंवा खिडकीबाहेरचा कावळा दाखवते. आम्ही हसतो, आणि बेरीज राहून जाते. यात तिची लबाडी असेल तर ती आपल्या सगळ्यांच्याच अंगात आहे. पण सतत अपयश येईल अशी कामे समोर आली तर ही सवय पक्की होते, हे आम्ही लक्षात ठेवायला हवे.

आता मेंदूच्या आत काय चालते ते पाहू. हा भाग मला समजायला सर्वांत वेळ लागला.

या मुलांचा मेंदू एकंदरीत आकाराने थोडा लहान असतो. त्यातही कपाळामागचा भाग, आठवणी पक्क्या करण्यात वाटा असलेला हिप्पोकॅम्पस आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू हे भाग अपेक्षेपेक्षा लहान आढळतात. चेतापेशींच्या फांद्या जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत चांगल्या दिसतात, पुढे वाढीत मागे पडतात. चेतातंतूंवर मायलिन नावाचे जे आवरण चढते, विजेच्या तारेवर असते तसे, ते चढायला काहींत उशीर होतो. डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या लहरींचा आलेख काढतात तेव्हा शांत बसलेल्या माणसात दिसणारी अल्फा नावाची लय या मुलांत बरेचदा संथ दिसते.

पण आकार आणि लहरी एवढ्यावरून काम कसे चालते ते कळत नाही. त्यासाठी मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी जागे होतात हे पाहावे लागते. चुंबकीय यंत्रात झोपवून रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून ते पाहता येते. अलीकडे कपाळाला पट्टा बांधून, त्यातून निरुपद्रवी प्रकाश सोडूनही हे मोजतात. मूल खुर्चीत बसून खेळत असतानाही ते होते. अमेरिकेतील युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डाऊन सिंड्रोम असलेली पंधरा माणसे यंत्रात झोपून व्यंगचित्रपट पाहत होती आणि त्यांचा मेंदू मोजला जात होता. गट लहान होता हे खरे. पण जे दिसले ते मननीय आहे. मेंदूतले जवळजवळचे भाग एकमेकांशी भरपूर बोलत होते, जे भाग एरवी आपापले वेगळे काम करतात तेही एकदम हलत होते; आणि दूरदूरच्या भागांमधला संवाद मात्र क्षीण होता.

याचे चित्र मी असे करून घेतले. प्रत्येक वाड्यावर गप्पा रंगल्या आहेत, सगळे जागे आहेत, पण डिचोलीहून पणजीला पाठवलेला निरोप वाटेतच अडकतो. कारभाऱ्याचे काम तर दूरच्या निरोपांवरच चालते. कानाने ऐकलेले, डोळ्याने पाहिलेले, हाताने करायचे आणि मनाने आवरायचे यांचा मेळ त्याला घालायचा असतो. निरोप उशिरा पोचला की उत्तरही उशिराच येणार. म्हणून तिला प्रश्न विचारल्यावर थांबावे लागते. किती? मी मनात दहा आकडे मोजते. (हिंदीत मोजते, तिथे मला कोणी हसत नाही.) पूर्वी मी तीनपर्यंतही थांबत नसे, उत्तर येत नाही असे पाहून प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारत असे. त्याने तिचा पहिला अडकलेला निरोप पुसला जाऊन दुसरा नवा सुरू होत होता. मदत करतेय असे मला वाटे, आणि मी ओझे वाढवत होते.

मुलीच्या घरच्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट पुढे आली, ती इतर पालकांनाही उपयोगी पडेल. ती वर्गात दहा-साडेदहालाच पेंगायची. आम्हाला वाटायचे, कंटाळली. आईने सांगितले की रात्री ती फार घोरते, मध्येच श्वास अडखळतो, कधी बसल्या-बसल्या झोपते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची श्वासाची वाट अरुंद असते, स्नायू सैल असतात, त्यामुळे झोपेत श्वास अडण्याचा त्रास त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा त्रास असलेल्या आणि नसलेल्या मुलांची तुलना केली होती. दोन्ही गटांत डाऊन सिंड्रोम होताच. ज्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास होता त्यांचा भाषिक बुद्ध्यंक सरासरी ९ गुणांनी कमी निघाला, आणि वळण बदलण्याच्या कामातही ती मुले मागे पडली. म्हणजे ज्याला आपण ‘त्या मुलांचे असेच असते’ म्हणून सोडून देतो, त्यातला काही भाग रात्रीच्या झोपेचा असू शकतो, आणि झोपेवर उपचार होऊ शकतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत अशा प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी करावी असे सांगते.

कानांचेही तसेच. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे या मुलांत नेहमीचे आहे, आणि ते आज असते, उद्या नसते, म्हणून ध्यानात येत नाही. थायरॉईड कमी पडले की मूल सुस्त होते. दृष्टी कमी असणे, चष्म्याची गरज असणे, हेही सर्रास. आणि जवळजवळ निम्म्या मुलांत जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. या सगळ्या तपासण्या दर वर्षी, किंवा बालरोगतज्ज्ञ सांगतील तेव्हा करून घ्याव्यात. कान, झोप आणि थायरॉईड तपासल्याशिवाय कोणत्याही मुलाला मंद म्हणण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना नाही, असे माझे मत झाले आहे. ‘मतिमंद’ हा शब्द मी स्वतः वर्षानुवर्षे वापरला. आता ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतात. नुसता शब्द बदलून काही होत नाही हे मान्य, पण जुना शब्द मुले एकमेकांना शिवीसारखा वापरतात, तेव्हा तो शाळेतून गेलेलाच बरा.

काही पालकांनी मला औषधांबद्दल, बुद्धी तल्लख करणाऱ्या चूर्णांबद्दल आणि संगणकावरच्या स्मरणशक्तीच्या खेळांबद्दल विचारले. डाऊन सिंड्रोम बरा करणारे औषध आजतरी नाही. खेळांचा सराव केला की मूल त्या खेळात सुधारते, पण त्याचा फायदा दप्तर भरण्यात किंवा गणितात फारसा दिसत नाही. त्यापेक्षा रोजचीच कामे, त्याच क्रमाने, चित्रांच्या आधाराने करून घेणे जास्त फळते. डोक्यात मावत नाही ते डोक्याबाहेर ठेवायचे, एवढेच त्यातले तत्त्व. आपण नाही का बाजाराची यादी कागदावर लिहीत!

आपल्या वर्गात आता काय केले आहे ते सांगते. तिच्या बाकावर चार चित्रांची एक पट्टी चिकटवली आहे: दप्तर, नळ, ताटली, ओळ. एक काम झाले की ती त्या चित्रावर बटण ठेवते. तास बदलणार असेल तर पाच मिनिटे आधी तिला पुढच्या तासाचे चित्र दाखवतात. सूचना एका वेळी एकच, आणि मग थांबायचे. पाढे आम्ही भजनाच्या चालीवर, झांजेच्या ठेक्यात घेतो, कारण ठेका मिळाला की तिचा क्रम कमी चुकतो. घरी भजन ऐकून वाढलेली मुलगी आहे, शिवाय फुगडीत तिचे पाऊल कधी चुकलेले मी पाहिलेले नाही.

आणि इतर मुलांच्या वेळेचे काय? हा मूळ प्रश्न मी टाळत नाही. पहिले दोन महिने वेळ गेला, हे खरे आहे. वर्गशिक्षिकेला दमणूक झाली, तेही खरे. पण एक-एक सूचना आणि फळ्यावर दिवसाचा क्रम सुरू झाल्यापासून वर्गातली आणखी पाच-सहा मुले सावरली. ज्यांना आम्ही विसरभोळी, धांदरट म्हणत होतो तीच ही मुले. त्यांनाही चौथी सूचना ऐकेपर्यंत पहिली आठवत नव्हती. फक्त ती जमिनीवर बसकण मारत नव्हती म्हणून आमच्या लक्षात आले नव्हते.

गौरी गाडगीळ हे नाव काहींनी ऐकले असेल. पुण्याची ही जलतरणपटू, तिला डाऊन सिंड्रोम आहे. २००७ साली शांघाय येथे झालेल्या विशेष ऑलिंपिकमध्ये तिने पदक मिळवले. तिच्या जीवनावर निघालेला ‘यलो’ हा मराठी चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, त्यात मोठेपणीची भूमिका तिने स्वतःच केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. मी हे नाव घेते ते ‘बघा, सगळे जमते’ असे सांगण्यासाठी नव्हे. प्रत्येक मूल पदक आणणार नाही, तसे तुमचे-आमचेही सगळे आणत नाहीत. मला त्यात दिसते ते पोहण्याचे शिक्षण. शिट्टीची वाट पाहणे, मधेच न थांबणे, भिंतीला हात लागला की वळणे, आपल्याच रांगेत राहणे. ही सारी कारभाऱ्याचीच कामे आहेत, आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावाने पाण्यात पक्की झाली.

विश्वस्त मंडळींसाठी कायद्याची बाजूही लिहून ठेवते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी निवडेल तिथे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड मुलाची आणि घरच्यांची आहे, आपली नाही. पर्वरीचे संजय स्कूल आहे, डिचोलीत केशव सेवा साधनचे काम आहे. अशा विशेष शाळांत जे अनुभवी शिक्षक आहेत त्यांचे ज्ञान आपल्याकडे नाही. काही मुलांसाठी तीच जागा योग्य असते आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. पण या मुलीच्या घरच्यांनी तिच्या भावाची शाळा निवडली आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा आपलीच मुले तिथे फलक घेऊन उभी राहावीत असे आपल्यातल्या कित्येकांना वाटले होते. तर मग वर्गात तिची जागा करणे ओघानेच आले.

आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. शिक्षकांना वर्षातून दोन दिवस विशेष शिक्षकांकडून प्रशिक्षण, तिसरी-चौथीच्या वर्गांसाठी एक मदतनीस, आणि बालरथात चढता-उतरताना तिच्याकडे लक्ष ठेवणारे एक माणूस. पहिल्या दोन गोष्टींचा खर्च विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. तिसरीला पैसे लागणार नाहीत. कारापूर-सर्वणच्या बाजूने येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलींनी आपापसांत पाळी ठरवावी अशी माझी सूचना आहे. दोघींनी नावे दिलीही आहेत.

चित्रपट्ट्या करण्याचे काम या शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत आहे. जाड पुठ्ठा, जुनी बटणे आणि पारदर्शक चिकटपट्टी घरात असेल तर मुलांबरोबर पाठवावी. चित्रे मोठी आणि साधी हवीत, एका पट्टीवर चारपेक्षा जास्त नकोत. नळाचे चित्र मात्र आपल्या शाळेतल्या नळासारखेच काढा. पहिल्या पट्टीवर मी पुस्तकातला चकचकीत नळ काढला होता, तर ती दोन दिवस तसा नळ शोधत होती.